शेवटचं रीळ न पाहिलेल्या बाया

आमच्या अकोल्यात मंगळवारी दुपारी जनानी खेळ असायचा. फक्त बायांसाठी. वेळ दोनची, पण सुरू व्हायचा अडीचला, कारण बाई सिनेमाला एकटी थोडीच येते? कडेवरचं एक, बोटाशी धरलेलं एक, पाण्याचा तांब्या, मुरमुऱ्यांची पुडी, असं सगळं लटांबर बसेपर्यंत तिकीटवाला दार लावत नसे. आणि पाचला आमच्या मोहल्ल्यात नळ यायचा. अर्धाच तास. तो चुकला की दुसऱ्या दिवसापर्यंत घरात बोंब. त्यामुळे पाचाला दहा कमी असताना, पडद्यावर काहीही चाललेलं असो, बाया पदर खोचून उठायच्या आणि दारावरचा माणूस न सांगता बाजूची दारं उघडून द्यायचा. बाहेरचं ऊन पडद्यावर पडायचं आणि नायक-नायिका पांढरीफटक होऊन जायची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सिनेमा असाच संपतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शेवट आम्ही रस्त्यात करायचो. ते काम शिंपीणकाकूंचं. त्या आमच्या शेजारी राहायच्या, मशीनवर पोलकी-परकर शिवायच्या आणि साऱ्या मोहल्ल्यातल्या बायांची मापं त्यांना तोंडपाठ होती. कोणाचं काय व्हायला पाहिजे हेही त्या तितक्याच ठामपणे सांगायच्या. "पोलीस येते, नवरा माफी मांगते, दोघं देवळात जाते. झालं!" काकूंनी "झालं" म्हटलं की सिनेमा संपला. कोणी शंका काढली तर त्या म्हणायच्या, "तू ऱ्हा मंग तिथं बसून, तुह्या वाटचं पाणी कोण भरंन?"

साठ सालानंतर दोन-चार वर्षं खुनाच्या सिनेमांची लाट आली होती. एक बंगला असायचा, तोही गावाबाहेर. पाच-सहा माणसं पाहुणी म्हणून यायची आणि मग एकेक करून मरायची. आमच्या बाया पहिल्याच अर्ध्या तासात सांगायच्या, पहिला नंबर कोणाचा. केस कापलेली, सिगारेट ओढणारी असली की, "हे चालली पाहा." मग क्लबात नाचणारी. मग दुसऱ्याच्या नवऱ्याशी हसून बोलणारी. पुरुषही मरायचे, नाही असं नाही. पण ते मरायचे इस्टेटीपायी किंवा मध्ये आले म्हणून. बाया मरायच्या त्या वागण्यापायी. हा फरक मला फार उशिरा कळला. तेव्हा मी फक्त बोटांवर मोजायचे, आणि काकूंचा अंदाज चुकला नाही की मला अभिमान वाटायचा.

शेवटी एकच राहायची. पांढरी साडी, लांब वेणी, खाली नजर, सकाळी उठून तुळशीला पाणी घालणारी. तिच्यामागे सुरा घेतलेला हात आला की अख्खा हॉल ओरडायचा, "बाई, मांगं पाह्य!" आणि नेमकी तेव्हाच नळाची वेळ व्हायची. "ते वाचते," काकू चालता चालता सांगायच्या. "काहून का ते चांगली हाय."

हे वाक्य माझी आत्याही ऐकायची. आत्या म्हणजे बाबांची सर्वांत धाकटी बहीण, तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ती विधवा होऊन तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली होती. विधवेनं सिनेमाला जावं की नाही यावर मोहल्ल्यात थोडं कुजबुजणं झालं, पण माझी आई खमकी. "बायांतच तं जाऊन राहिली, का बाजारात नाचून राहिली?" असं तिनं एकदा नळावर मोठ्यानं विचारलं आणि विषय मिटवला. मग आत्या आमच्यासोबत यायची, भिंतीकडच्या खुर्चीवर बसायची आणि सगळ्या ओरडल्या तरी ओरडायची नाही.

आत्याचं जे झालं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे जेवढं माहीत होतं तेवढं. ती सासरच्यांबरोबर गाडीबैलानं कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली होती. येताना वर कुठेतरी अवकाळी पाऊस पडला होता आणि वाटेतल्या नाल्याला एकाएकी लोंढा आला. गाडीत नवरा होता, सासू होती, सासरा होता आणि नणंद होती. चौघंही गेले. आत्या राहिली. एक बैलही जू तोडून निघाला आणि आपल्या पायांनी घरी आला. त्या बैलाला गावानं हळद-कुंकू लावलं, पुरणपोळी खाऊ घातली. आत्याला मात्र दाराबाहेर उभं करून विचारलं, "तूच काहून राहिली?" पांढऱ्या पायाची म्हणाले, चौघांना खाऊन आली म्हणाले. तेरावं झालं आणि तिला बाबांकडे पाठवून दिलं. एकदा भांडी घासताना ती आईला म्हणाली होती, "वहिनी, बैलाले कोणीच नाई इचारलं, तू कसा राहिला म्हणून." हे ऐकून हसायचं की रडायचं ते मला कळलं नाही.

त्या वर्षी अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंगचे फॉर्म निघाले. आत्या सातवी पास होती, अक्षर मोत्यासारखं. ट्रेनिंग झालं की शाळा मिळणार, पगार मिळणार, राहायला मुलींचं वसतिगृह. आत्या त्या फॉर्मकडे ज्या नजरेनं पाहायची, तसं तिला कशाकडेच पाहताना मी पाहिलं नव्हतं. सगळं भरून झालं, एकच कागद राहिला. चारित्र्याचा दाखला. नात्यातला नको, कोणी प्रतिष्ठित गृहस्थ हवा. सासरच्या गावात पाटलांनी दोनदा हेलपाटा घालायला लावून नाही म्हटलं. फॉर्म पोचायची शेवटची तारीख पुढच्याच शनिवारची होती. हा दाखला नाही तर अमरावती नाही, आणि अमरावती नाही तर आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली तिची वळकटी जन्मभर तिथेच.

बाबा कोर्टात कारकून होते. त्यांच्या ओळखीचे एक वकीलसाहेब होते, पुण्याला शिकून आलेले, शाळेच्या कमिटीवर असलेले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आम्ही रविवारी सकाळी वकिलाच्या घराची चढलो. बाबा, आत्या, आणि मागे लागून गेलेली मी. वकीलसाहेबांनी फॉर्म वाचला, फाउंटन पेनचं टोपण काढलं आणि मग थांबले.

"बाई, एक विचारू? चौघं गेले आणि तू एकटी राहिलीस. कशी राहिलीस? नाही, मी सही करतो म्हणजे जबाबदारी घेतो. उद्या मला कोणी विचारलं तर सांगता यायला हवं."

आत्या फरशीकडे पाहत राहिली. बाबा खाकरले. मला उत्तर येत होतं! वर्गात उत्तर येत असताना मास्तर दुसऱ्याच कोणाकडे पाहतात तेव्हा होते तशी माझी घालमेल झाली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"साहेब, मी सांगू? सिनेमात बी सारे मरते. सिगारेटवाली मरते, नाचणारी मरते. अन् जे चांगली असते ना, पांढऱ्या साडीवाली, ते एकटीच वाचते. तशी आमची आत्या वाचली. काहून का ते चांगली हाय."

वकीलसाहेबांना गंमत वाटली. कोणता सिनेमा म्हणून त्यांनी विचारलं. त्या आठवड्यातलाच, मी म्हटलं, डोंगरावरच्या बंगल्याचा. ते मोठ्यानं हसले.

"अगं, तो मी परवाच पाहिला. तुम्ही शेवटचं रीळ पाहिलं नाही वाटतं? ती पांढऱ्या साडीवालीच तर खुनी निघते! सगळ्यांना तीच मारते."

हसता हसता ते थांबले. मी आत्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. वकीलसाहेबांनीही पाहिलं. कोणाच्या मनात काही वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही, पण आम्ही तिघांनी एकाच वेळी पाहिलं हे खरं. वकीलसाहेबांनी पेनला टोपण लावलं. "बघू. विचार करतो. मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न आहे."

घरी आल्यावर आईनं माझ्या पाठीत दोन धपाटे घातले आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझी अडचण वेगळीच होती. काकूंच्या हिशेबानं एकटी वाचते ती चांगली. साहेबांच्या हिशेबानं एकटी वाचते ती खुनी. मग आत्या कोण? आणि चांगलं असण्यानं वाचता येत असेल तर आत्याची सासू का बुडाली? ती तर सगळ्या एकादशा करायची. तिनं काय सिगारेट ओढली होती? मी हे काकूंना विचारलं. त्यांनी तोंडातली सुई काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सिनेमातलं सिनेमात ऱ्हाऊ दे, पोरी." पण शेवट सांगणाऱ्या तर त्याच होत्या.

मंगळवार आला. सिनेमाचा दुसरा आठवडा होता, तोच लागलेला होता. आत्या म्हणाली, मी जाते, हिला नेते. आईनं नको म्हणून पाहिलं, पण आत्या ऐकेना. पाचाला दहा कमी झाले, दारं उघडली, बाया उठल्या. आत्या उठली नाही. काकूंनी दारातून हाक मारली, "नळ येते वो!" आत्या बसूनच. हळूहळू साऱ्या हॉलमध्ये आम्ही दोघीच उरलो. आणि पडदा विझला.

थोड्या वेळानं वरून सिनेमाचं मशीन चालवणारा खाली आला. "बाई, खेळ सपला."

"नाई सपला," आत्या म्हणाली. "शेवटचं रीळ राह्यलं."

"मंगळवारचं शेवटचं रीळ मी लावतच नाई. बाया थांबतेत कुठी? रिकाम्या खुर्च्याइले दाखवू का?"

"मी हावो ना."

तो डोकं खाजवत उभा राहिला. इतक्या वर्षांत बाईमाणसानं त्याच्याकडे शेवट मागितला नसावा. मग त्यानं दारं लावली, वर गेला आणि फक्त आम्हा दोघींसाठी सिनेमाचा शेवट लावला. मला त्या रिकाम्या हॉलची भीती वाटत होती, पडद्यावरच्या बंगल्याची नव्हे. शेवट वकीलसाहेबांनी सांगितला तसाच होता. पांढऱ्या साडीवाली रक्ताचे हात धुते, कोणीतरी तिच्या बहिणीचा घात केलेला असतो त्याचं सगळं सांगते, आणि मग एवढं बोलून कड्यावर जाते आणि उडी टाकते. बंगल्यात कोणीच उरत नाही. साहेबांनी ही उडी आम्हाला सांगितलीच नव्हती.

बाहेर आल्यावर आत्या झपाझप चालायला लागली. मग म्हणाली, "सिनेमावाल्याले बी एकटी बाई जित्ती ठेवता नाई आली." आणि हसली. मला घाबरायला झालं, कारण ती वाईट हसत नव्हती, चांगली हसत होती. घरी पाण्याचा थेंब नव्हता आणि आईच्या तोंडाचा पट्टा रात्रीच्या जेवणापर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना आत्या मला रस्त्यातच भेटली. हातात फॉर्म आणि पत्ता लिहिलेला लिफाफा. बाबांना सांगितलं नव्हतं. आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो. ते कागदांत डोकं घालून बसले होते. आम्हाला पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली, पण आत्या बसलीच नाही. उभ्यानंच बोलली.

"साहेब, तुमी इचारलं होतं, मी एकटी कशी राहिली. सांगते. जत्रेतून येतानी मी बाहेरची झाली."

वकीलसाहेबांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"गाडीत देवाचा परसाद होता, वर्धा नदीच्या पाण्याचा गडवा होता. इटाळशी बाई गाडीत कशी बसंन? म्हणून मले उतरवलं. मी मांगून पायी येऊन राहिली होती, पन्नास-साठ कदम. गाडी नाल्यात उतरली तवा मी अलीकडंच होती. तिसऱ्या रोजापर्यंत तं मले..."

"बरं, बरं. कळलं. पुरे," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. खुनाच्या खटल्यात आडव्यातिडव्या उलटतपासण्या घेणारा माणूस, त्याला एका बाईचं हे साधं बोलणं ऐकवेना. त्यांनी भराभर पेन उघडलं, काय लिहितो हे नीट न पाहताच लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद टेबलावरून आमच्याकडे सरकवला. "वर्तणूक उत्तम व निष्कलंक." मी उलटं असतानाच वाचलं. इतका आनंद मला माझ्या पास होण्याचाही कधी झाला नाही. पायऱ्या उतरताना मी अक्षरशः उड्या मारत होते.

"आत्या, एवढं सोपं होतं तं रविवारीच काहून नाई सांगितलं?"

ती पुढे चालू लागली. पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत आम्ही आलो. तिनं दाखला फॉर्मसकट लिफाफ्यात घातला, कडेला जीभ लावून तो चिकटवला आणि तशीच उभी राहिली.

"काहून का ते खोटं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं ती दाखल्याबद्दल बोलते आहे.

"मी बाहेरची-गिहेरची नोती झाली. चार वर्षं झाली होती मले त्या घरात. चार वर्षांत मी कधी एकटी चालली नोती. विहिरीवर नणंद, वावरात सासू, घरात हे. जत्रेत मी रेवड्या घेतल्या होत्या, पदरात बांधून. मले वाटलं, थोडंसं एकटीनं चालावं अन् एकटीनं खावं. म्हणून सांगून देल्लं, मी बाहेरची झाली. सासूले खरं वाटलं. ते गाडीतून वाकली अन् आपल्या पायातल्या वाहाणा मले देल्ल्या. म्हणे, काट्याची वाट हाय पोरी, घाल. त्या घालून मी रेवड्या खात येऊन राहिली होती."

रस्त्यानं सायकली जात होत्या. एक ओळखीचे गृहस्थ आमच्याकडे पाहून नमस्कार करून गेले. आत्या रडत नव्हती, पण तिचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"खोटं बोलली म्हणून वाचली. आज अर्धं खरं बोलली म्हणून सही भेटली. आता तूच सांग. तुले लय कळते ना सिनेमातलं. साहेबांनं लिहिलं ते खरं हाय का? टाकू का नको?"

तिनं लिफाफा माझ्यापुढे धरला. ती थट्टा करत नव्हती. ती खरंच विचारत होती, अकरा वर्षांच्या पोरीला, कारण दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नव्हती. मी आठवायला लागले, अशी बाई कोणत्या सिनेमात होती. सिगारेट नाही, नाच नाही, पदरात रेवड्या आणि पायात सासूच्या वाहाणा. तिचं पुढे काय होतं हे मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. काकूंनी नाही, साहेबांनी नाही. माझ्या डोक्यात सगळा गोंधळ झाला, आणि खरं सांगायचं तर तो आजही पुरता निस्तरलेला नाही. ती चांगली होती का, मला ठरवता आलं नाही. तिला अमरावतीला जायचं होतं, एवढंच मला नक्की माहीत होतं. मी तिच्या हातातून लिफाफा घेतला, टाचा उंचावल्या आणि पेटीत टाकला.